स्पाइक, स्प्रिंग आणि ‘आयसोलेशन’ : टर्नटेबलखालच्या पायांची पार्श्वभूमी

टर्नटेबलखाली, म्हणजे तबकडी फिरवून वाजवणाऱ्या यंत्राखाली, कंपन अडवायला काय ठेवायचे, हा प्रश्न खऱ्या अर्थाने पेटला तो 1958 नंतर. मोनोच्या, म्हणजे एकाच वाहिनीच्या, काळात कार्ट्रिज (पिनेच्या हालचालीचा विद्युत सिग्नल करणारा भाग) पिनेची आडवी हालचाल तेवढी टिपायचे, त्यामुळे मोटरची उभी थरथर बरीचशी खपून जायची. स्टीरिओ तबकडीत खाचेच्या दोन भिंतींवर दोन वाहिन्या कोरल्या गेल्या आणि उभी हालचालसुद्धा सिग्नल झाली. मोटर तीच, पण आता स्पीकरमधून घरघर येऊ लागली. रेडिओग्रॅममध्ये (रेडिओ आणि टर्नटेबल एकत्र असलेल्या सेटमध्ये) तर स्पीकर आणि डेक, म्हणजे टर्नटेबल, एकाच कपाटात असत. म्हणून डेक स्प्रिंगांवर तरंगती ठेवत आणि वाहतुकीपुरती स्क्रूंनी आवळत. जुना सेट विकत घेतला तर आधी हे स्क्रू तपासावेत. ते आवळलेले राहिले तर स्प्रिंगा नुसत्या शोभेच्या.

1961 मध्ये अमेरिकेत आलेल्या एका पट्ट्यावर चालणाऱ्या टर्नटेबलने पुढची दिशा ठरवली. त्यात थाळी आणि टोनआर्म (कार्ट्रिज धरणारा दांडा) एकाच कडक सबचासीवर, म्हणजे आतल्या सांगाड्यावर, होते, ती सबचासी तीन स्प्रिंगांवर, आणि मोटर वेगळी, वरच्या पत्र्याला. ब्रिटनमधल्या 1970 च्या दशकातल्या नावाजलेल्या डेक याच घराण्यातल्या. थाळी थेट मोटरवर फिरवणाऱ्या जपानी डायरेक्ट ड्राइव्हने जड बैठक आणि रबरी पायांची वाट धरली.

स्प्रिंगचे गणित सोपे आहे. वजन ठेवल्यावर ती जितके मिलिमीटर दबते त्या आकड्याचे वर्गमूळ काढायचे आणि 15.8 ला त्याने भागायचे. नैसर्गिक कंप्रता, म्हणजे ती स्वतःहून सेकंदाला किती वेळा डोलते तो आकडा, हर्ट्झमध्ये मिळते. 10 मिमी दबली तर 5 हर्ट्झ, 1 मिमी दबली तर जवळजवळ 16. कंपन अडायला लागते ते या आकड्याच्या 1.4 पटीच्या वर. त्याखाली ते जसेच्या तसे पोचते आणि नैसर्गिक कंप्रतेच्या आसपास तर वाढून पोचते. टोनआर्म आणि कार्ट्रिजची स्वतःची कंप्रता साधारण 8 ते 12 हर्ट्झ असते, म्हणून पाय 10 हर्ट्झला डोलणारे असले तर ते नसलेले बरे. माणसाच्या चालण्याचा ठेका सेकंदाला सुमारे दोन पावलांचा. लाकडी जमिनीवर 4 हर्ट्झची सबचासी त्याने डोलते आणि पिन उडते. भिंतीवरच्या हलक्या, कडक फळीचा सल्ला निघाला तो यातूनच.

सगळा गोंधळ ‘आयसोलेशन’ (कंपनापासून वेगळे करणे) या शब्दाचा आहे, आणि तो 1980 च्या दशकात स्पाइकनी, म्हणजे धातूच्या टोकदार पायांनी, घातला. जोडणे, तोडणे आणि जिरवणे ही तीन वेगळी कामे आहेत. स्पाइक जोडतो, स्प्रिंग तोडते, आणि 1980 च्याच दशकात ऑडिओत आलेले रबरासारखे मऊ पॉलियुरेथेन तोडते थोडे, जिरवते जास्त. ब्रिटिश घरांत लाकडी फळ्यांवर जाड गालिचा असतो. त्यावर स्पीकर झुलतो. अणकुचीदार स्पाइक गालिच्यातून आरपार जाऊन त्याला फळीवर पक्का उभा करतो. उपाय रास्तच होता. पण विक्रीच्या भाषेत तो ‘यांत्रिक डायोड’ झाला: म्हणे कंपन खाली जाते, वर येत नाही. हे चूक आहे. धातूचे टोक दोन्ही दिशांना सारखेच कंपन नेते. हाच स्पाइक पुढे अॅम्प्लिफायर आणि सीडी प्लेयरखालीही ‘आयसोलेशन फूट’ म्हणून विकला गेला.

आपल्याकडे हे सल्ले जसेच्या तसे आले. काँक्रीटचा स्लॅब आणि त्यावर फरशी असलेल्या फ्लॅटमध्ये गालिच्याचा प्रश्नच नसतो. फरशीला ओरखडे पडू नयेत म्हणून स्पाइकखाली नाणे सरकवले की टोकाचा मूळ हेतूही संपला. वाड्याच्या माळवदावर किंवा लाकडी मजल्यावर मात्र ब्रिटिश अनुभव थेट लागू पडतो.

घरगुती उपायांत कडाप्प्याखाली सायकलची ट्यूब हा सर्वांत चांगला. 50 गुणिले 40 सेंटिमीटरचा, 3 सेंटिमीटर जाडीचा तुकडा सुमारे 16 किलो भरतो. ट्यूबमध्ये हवा कडा जेमतेम उचलल्या जाण्याइतकीच भरावी; टणक फुगवली तर ती टायरसारखी वागते. पॉलियुरेथेनच्या गोट्या उंचीच्या 10 ते 20 टक्के दबल्या पाहिजेत. 12 किलोच्या डेकसाठी केलेल्या गोट्या 5 किलोच्या डेकखाली नुसत्या ठोकळ्यासारख्या उभ्या राहतात. शिवाय त्या पॉलिशवर डाग पाडू शकतात, म्हणून मध्ये पातळ चकती हवी.

विनाइल परत आल्यापासून बाजारात सुट्या स्प्रिंगांच्या वाट्या मिळतात. एकेका वाटीत सातपर्यंत स्प्रिंगा बसतात आणि वजनाप्रमाणे त्या कमी-जास्त करायच्या. इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे चारही वाट्यांत सारख्या स्प्रिंगा घालणे. डेकचे वजन चार कोपऱ्यांवर सारखे नसते. जड थाळी किंवा मोटर एका बाजूला असते. डेक तिरकी बसली की जड कोपऱ्यात एक स्प्रिंग वाढवावी आणि स्पिरिट लेव्हल थाळीवर ठेवून पाहावी. मग थांबलेल्या तबकडीवर पिन ठेवून आवाज नेहमीच्या पातळीला न्यावा आणि फळीवर बोटाच्या पेराने टकटक करावी. ठोका स्पीकरमधून स्पष्ट ऐकू आला तर स्प्रिंगा अजून जास्त आहेत.