जुन्या सिंगल माल्टचे आस्वादन

पंचवीस-तीस वर्षे किंवा त्याहून अधिक काळ ओकच्या पिंपात मुरलेली दुर्मीळ स्कॉच व्हिस्की पारखून चाखण्याची रीत. नेहमीच्या पेगशी तिचा फारसा संबंध नाही. चखणा, सोडा आणि बर्फ या तिघांनाही येथे मज्जाव असतो, आणि ग्लासात पडते ती जेमतेम दोन-तीन चमचे. चाखणाऱ्याला मुख्यतः एवढेच ठरवायचे असते, की इतक्या वर्षांत पिंपाने दारूला घडवले की गिळून टाकले.

ब्रिटनच्या २००९ च्या नियमांनुसार सिंगल माल्ट स्कॉच म्हणजे मोड आणलेल्या बार्लीपासून एकाच डिस्टिलरीत (दारू गाळण्याच्या कारखान्यात) पॉट स्टिलमधून, म्हणजे तांब्याच्या हंड्यासारख्या भट्टीतून, गाळलेली आणि स्कॉटलंडमध्येच, ७०० लिटरपर्यंतच्या ओकच्या पिंपात किमान ३ वर्षे मुरलेली व्हिस्की. बाटलीवर छापलेले वय आतल्या सर्वांत तरुण दारूचे असते : ३० वर्षांच्या बाटलीत ४० वर्षांची मिसळलेली चालते, २९ ची नाही. बाटलीबंद झाल्यावर वय थांबते. १९८० मध्ये भरलेली १२ वर्षांची व्हिस्की आजही १२ वर्षांचीच असते. आजोबांच्या कपाटात सापडलेल्या बाटलीवरून होणारे वाद खरे तर इथेच मिटायला हवेत.

गाळून आलेली पाण्यासारखी पांढरी दारू साधारण ६३.५ टक्के मद्यार्कावर पिंपात भरतात. त्यातली दरवर्षी सुमारे २ टक्के लाकडातून उडून जाते. हा ‘एंजल्स शेअर’, म्हणजे देवदूतांचा वाटा. या हिशेबाने चाळीस वर्षांत निम्म्याहून अधिक पिंप रिकामे होते. स्कॉटलंडच्या थंड, दमट हवेत पाण्याआधी मद्यार्क उडत असल्याने तीव्रताही उतरत जाते, आणि ती ४० टक्क्यांखाली गेली तर कायद्याने ती व्हिस्कीच उरत नाही. गोव्यात कुंकळ्ळीला तयार होणाऱ्या पॉल जॉनसारख्या माल्टची उष्ण हवेतली घट याच्या कित्येक पट असते. म्हणून भारतीय माल्टवर मोठे वय क्वचितच दिसते. त्यात कमीपणा काही नाही.

चाखण्यासाठी तोंडाशी निमुळता होणारा ग्लास घेतात; २००१ पासून ग्लेनकेर्न ग्लास सर्वत्र रुळला आहे. जुन्या बाटलीचे बूच ठिसूळ झालेले असते, ते फिरवत हळूच काढावे लागते. चुरा पडलाच तर दारू गाळून घ्यावी. ओतल्यावर पंधरा-वीस मिनिटे ग्लासाला हात लावत नाहीत. मग तोंड किंचित उघडे ठेवून वास घ्यायचा, म्हणजे नाकाला झोंबत नाही. आधी बर्बन (अमेरिकी व्हिस्की) मुरलेल्या पिंपातून व्हॅनिला आणि ओले खोबरे येते, शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपातून खजूर, मनुका, अक्रोड. स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या माल्टमध्ये तरुणपणी पीटचा (दलदलीतल्या, जळणासाठी वापरायच्या मातीचा) धूर आणि टिंक्चर आयोडीनचा वास पुढे असतो. वयाबरोबर तो मागे सरतो आणि त्याखालची फळे वर येतात. फार जुन्या दारूत मेण, चामडे, अळंबी असे वास मिळतात. पहिला घोट जिभेला सवय व्हावी म्हणून; मत बनवायचे ते दुसऱ्यावर. गिळल्यानंतर चव किती वेळ रेंगाळते आणि रेंगाळताना बदलते का, हे पाहायचे. दोनदा उकळलेल्या चहासारखा तुरटपणाच मागे उरला, तर लाकूड वरचढ झाले असे समजावे. पन्नाशीतल्या अनेक महागड्या बाटल्यांपेक्षा अठरा ते पंचवीस वर्षांची, पूर्वी वापरलेल्या ‘रिफिल’ पिंपातली व्हिस्की सरस निघते.

पाण्याबद्दल मतभेद आहेत. ब्लेंडर, म्हणजे निरनिराळ्या व्हिस्की पारखून मिसळणारे जाणकार, वासासाठी व्हिस्की २० टक्के मद्यार्कापर्यंत पातळ करतात. धुराचा वास देणारा ग्वायाकॉल हा घटक पाण्यामुळे पृष्ठभागाकडे सरकतो, असे स्वीडनमधील संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रतिरूपांतून दाखवले. पण चाळिशीच्या टक्क्यांवर उतरलेल्या दारूला पाणी सोसत नाही. घालायचेच तर शेवटच्या घोटांत, थेंबाथेंबाने.

दुर्मीळता बहुधा अपघाताने येते. पोर्ट एलन आणि ब्रोरा या डिस्टिलऱ्या १९८३ मध्ये मागणी घटल्याने बंद पडल्या आणि त्यांची शिल्लक पिंपे पुढे सोन्याच्या मोलाची झाली. (दोन्ही आता पुन्हा सुरू झाल्या आहेत.) मॅकॅलन या स्कॉच डिस्टिलरीच्या १९२६ सालच्या, ६० वर्षे मुरलेल्या एका पिंपातून ४० बाटल्या भरल्या; त्यातली एक २०२३ मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे २२ लाख पौंडांना गेली.

किमतीमागोमाग नकली बाटल्या आल्या. २०१७ मध्ये स्वित्झर्लंडमधील सेंट मॉरिट्झच्या एका हॉटेलात एका पाहुण्याने १८७८ ची म्हणून विकलेल्या मॅकॅलनच्या पेल्यासाठी सुमारे १०,००० स्विस फ्रँक मोजले. तपासणीत ती १९७० च्या सुमाराची ब्लेंडेड, म्हणजे मिश्र व्हिस्की निघाली आणि हॉटेलने पैसे परत केले. अशी तपासणी कार्बन-१४ वर चालते : १९५० नंतरच्या अणुचाचण्यांनी हवेत वाढवलेला हा कार्बन बार्लीतही उतरला, त्यामुळे तिच्यापासूनची दारू कोणत्या काळातली हे कळते. स्कॉटलंडमधील एका संशोधन केंद्राने २०१८ मध्ये अशा ५५ बाटल्या तपासल्या. २१ नकली होत्या किंवा सांगितलेल्या सालच्या नव्हत्या.