माजी खेळाडू थेट प्रशिक्षक होतो का?

‘इंग्लंडमध्ये व्यावसायिक फुटबॉल खेळलेल्या मिडफिल्डरला (मधल्या फळीतल्या खेळाडूला) निवृत्तीनंतर थेट मुलांचा प्रशिक्षक नेमतात’ असं वर्षानुवर्षं फिरतंय. तसं वाटणं स्वाभाविक आहे, कारण माजी खेळाडू लगेच क्लबच्या अकादमीत, म्हणजे मुलांच्या प्रशिक्षण केंद्रात, दिसतात. पण अनेकांनी खेळत असतानाच प्रशिक्षकाचा कोर्स सुरू केलेला असतो. प्रशिक्षकाच्या परवान्याच्या पायऱ्या खालून वर सी, बी, ए, प्रो. अकादमीत साधारणपणे बी लागतो. शिवाय बालसुरक्षा, प्रथमोपचार, गुन्हेगारी नोंदींची तपासणी. आणि हे योग्यच आहे. चेंडू येण्याआधी मान वळवून मागे पाहणं मिडफिल्डरच्या अंगवळणी पडलेलं असतं, पण दहा वर्षांच्या मुलाला ती सवय लावायला ४ विरुद्ध ४ असा छोटा खेळ रचावा लागतो. ते वेगळं शिकावं लागतं. पडताळायचंय? कुठल्याही इंग्लिश क्लबच्या अकादमीची नोकरीची जाहिरात उघडा, त्यातली आवश्यक पात्रता वाचा.