दोषदायित्व म्हणजे देखभाल नव्हे

नवीन उद्यानाची फीत कापली गेली की प्रभागात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आता तीन वर्षं काळजी नको, डीएलपी आहे." नगरसेवक म्हणतात, शेजारच्या सोसायटीतले म्हणतात, पालिकेतली माणसंसुद्धा म्हणतात. डीएलपी, म्हणजे कंत्राटदारावरची ठरावीक मुदतीची जबाबदारी, असते हे खरं, पण काळजी नको हे साफ चूक. बागांची अंदाजपत्रकं काढण्यात माझी बरीच वर्षं गेली, आणि या एका गैरसमजापायी चांगल्या बागा पहिल्याच उन्हाळ्यात वाळलेल्या मी पाहिल्या आहेत.

देखभाल म्हणजे काय हे दारात चार कुंड्या असलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. पाणी, खत, छाटणी, झाडलोट, शौचालयाची सफाई, विजेचं बिल. डीएलपी म्हणजे दोषदायित्व कालावधी. काम पूर्ण झाल्यापासून करारात लिहिलेल्या मुदतीत बांधकामातला किंवा सामानातला दोष उघडा पडला, तर कंत्राटदाराने तो स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा. त्याने टाळाटाळ केली, तर पालिकेने त्याच्या अडकवून ठेवलेल्या अनामत रकमेतून करून घ्यायचा. जबाबदारी दोषाची आहे, बागेची नाही.

झोपाळाच घ्या. दुसऱ्या महिन्यात वेल्डिंग सुटलं तर तो दोष. दोन वर्षं रोज संध्याकाळी मुलं झुलली आणि वरची कडी घासून निम्मी झाली, तर ती झीज. कडी बदलायची ती देखभालीच्या पैशांतून. पायवाटेचे पेव्हर खचले, म्हणजे खालची खडी नीट दाबलेली नव्हती, दोष. त्याच पेव्हरवर जुलैत शेवाळ धरलं आणि सकाळी फिरायला आलेल्या आजी घसरल्या, तर त्यात कंत्राटदाराचा काही संबंध नाही, शेवाळ घासायला माणूसच नेमलेला नव्हता. गोव्यात मांडवी नदीकाठच्या खाऱ्या वाऱ्यात लोखंडी कठडा गंजणारच, त्याला ठरावीक काळाने रंग द्यायचा ही देखभाल. पण पहिल्याच पावसात सगळ्या जोडांतून तांबूस ओघळ येऊ लागले, तर आत प्रायमर मारलेलाच नाही, असं पत्र मी बेलाशक पाठवीन.

पाणी साचलं की मात्र वाद होतो. कंत्राटदार म्हणतो गटार पानांनी तुंबलं, पालिका म्हणते उतारच चुकला. यावर साधा उपाय आहे. जाळी साफ करायची, फोटो काढायचा आणि पुढच्या जोरदार सरीची वाट बघायची. मोकळ्या जाळीभोवतीही तळं झालं तर उतार चुकला, विषय संपला.

सगळ्यात जास्त फसवणूक होते ती झाडांच्या बाबतीत. आपल्याकडे काम मे अखेरीस संपवायची घाई असते. जूनमध्ये रोपं लागतात, सप्टेंबरपर्यंत पाऊसच माळ्याचं काम करतो आणि चवथीला बाग इतकी हिरवीगार दिसते की सगळं मार्गी लागलं असं वाटतं. मग पाऊस थांबतो. फेब्रुवारीत लॉन पिवळी पडते, मार्चमध्ये रोपं माना टाकतात आणि लोक कंत्राटदाराला फोन करतात. त्याने पाणी घालायचं, मेलेलं रोप बदलून द्यायचं, असं करारात वेगळं कलम असेल तरच तो बांधील. नसेल तर रोप मेलं ते पाण्यावाचून, आणि पाण्यावाचून मरणं हा बांधकामाचा दोष नव्हे.

"एवढा निधी येतो, मग एक माळी ठेवता येत नाही?" हा प्रश्न मी शेकडो वेळा ऐकला. त्याच निधीतून नाही ठेवता येत. केंद्राच्या अमृत योजनेत उद्यानं बसतात, पण त्याच योजनेच्या नियमांत कर्मचाऱ्यांचे पगार बसत नाहीत. पंधराव्या वित्त आयोगाचं (२०२१ ते २०२६) मुक्त, म्हणजे ठरावीक कामाशी न बांधलेलं, अनुदान स्थानिक गरजांसाठी होतं, तेही पगार आणि आस्थापना खर्च सोडून. उद्यानं आणि क्रीडांगणं हा विषय ७४व्या घटनादुरुस्तीने, १९९३ पासून लागू झालेल्या बाराव्या अनुसूचीत, नगरसंस्थांच्या कामांच्या यादीत आला. म्हणजे माळ्याचा पगार शेवटी घरपट्टी, सोपो (बाजारातल्या विक्रेत्यांकडून घेतलं जाणारं शुल्क), परवाना शुल्क अशा पालिकेच्या रोजच्या मिळकतीतूनच निघायचा. बाग बांधायचा पैसा एकदा येतो आणि संपतो. स्मार्ट सिटी अभियानसुद्धा ३१ मार्च २०२५ रोजी संपलं. त्यातून जे उभं राहिलं ते यापुढे रोज झाडावं लागणारच आहे.

माझं मत ठाम आहे. देखभाल त्याच निविदेत घ्या, पण परिमाणपत्रकात, म्हणजे निविदेतल्या कामांच्या यादीत, तिच्यासाठी स्वतंत्र ओळ हवी: किती माळी, दिवसाला किती पाणी, महिन्याला किती रक्कम, आणि पैसे कामाची तपासणी झाल्यावरच. तिचा खर्च पालिकेच्या अंदाजपत्रकात कुठल्या शीर्षाखाली पडणार, हे आराखडा मंजूर होण्याआधी लिहून घ्या. ते जमत नसेल तर आराखडाच बदला. कारंजं नको, मोठी लॉन नको. बकुळ, सुरंगी, नागचाफा लावा. पहिली दोन-तीन वर्षं जपली की पुढे ती फारसं मागत नाहीत. लोक सावलीत बसतात, कारंज्यापाशी फक्त फोटो काढतात. नव्या उद्यानात झाडांच्या आधी स्वागत कमान उभी राहिलेली दिसली की मला आजही वाईट वाटतं.

तक्रार करताना "बागेची दुर्दशा झाली आहे" असं लिहू नका. त्या वाक्यावर कुणालाच काही करता येत नाही. खचलेल्या पेव्हरची जागा, तारीख, फोटो आणि 'दोष' हा शब्द, असं पत्र द्या आणि पोच घ्या. वाळलेल्या लॉनचं पत्र वेगळं, ते मुख्याधिकाऱ्यांना, देखभालीसाठी. पण पहिलं पत्र मुदत संपायच्या आत पोचायला हवं. एकदा अनामत परत गेली की तोच खचलेला पेव्हर पालिकेच्या खर्चात येतो, आणि त्या वर्षी माळ्यासाठी ठेवलेले पैसे त्याच्यात जातात.