नाव चुकलं म्हणून करार बाद होत नाही

करारात कंपनीचं नाव चुकलं की करार बाद, हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. इंग्लंडच्या कायद्यात तसं नाही. चूक उघड असेल आणि दुरुस्ती कोणती हवी तेही स्पष्ट असेल, तर न्यायालय अर्थ लावतानाच नाव सुधारून वाचतं.

खरा धोका निराळा आहे. चुकून पडलेल्या नावाची कंपनी खरोखरच अस्तित्वात असली तर? २०१३ च्या लिबर्टी मर्शियन विरुद्ध कडी खटल्यात बांधकामाच्या करारावर ‘कडी सिव्हिल इंजिनिअरिंग लिमिटेड’ असं नाव होतं. ती कंपनी निष्क्रिय, कामं घेणारी कंपनी वेगळीच. तरी न्यायालयाने नाव बदललं नाही. निष्क्रिय कंपनीच करारातली पक्षकार ठरली. काम करून घेणाऱ्याला हे किती महागात पडू शकतं, बघा! म्हणून सहीआधी कंपनीज हाउसमधला (ब्रिटनमधल्या कंपन्यांची नोंदणी ठेवणारं सरकारी कार्यालय) नोंदणी क्रमांक तपासून करारात घालाच.