रंगभरण (बालशिक्षण)

रंगभरण : छापील किंवा हाताने आखलेल्या आकृतीत लहान मुलाने खडू, रंगपेन्सिल, ब्रश किंवा बोटांनी रंग भरण्याची कृती. बालवाडीत ती करमणूक म्हणून जितकी चालते, तितकीच बोटे, पंजा आणि मनगट यांच्या बारीक स्नायूंची तयारी म्हणूनही. या तयारीला बालशिक्षणात सूक्ष्म कारक कौशल्य म्हणतात. घरातली आजी ‘हात बसला’ म्हणते, तेव्हा तिलाही हेच सांगायचे असते. पुढे पेन्सिल धरणे, शर्टाचे बटण लावणे, पोळीचा तुकडा मोडणे हे सगळे याच बळावर.

मुलाच्या हातावर ताबा येतो तो खांद्याकडून बोटांकडे. दीड वर्षाचे मूल खडू मुठीत आवळते आणि अख्खा हात खांद्यापासून फिरवते, म्हणून कागदावर नुसते गिरगोटे उमटतात. दोन-तीन वर्षांचे झाले की बोटे खडूवर वरून येतात, हात कोपरापासून हलतो. साडेतीन-चारच्या सुमारास खडू अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांत येतो, पण बोटे ताठच. काम मनगट करते. बोटे स्वतः वाकून रेघ ओढू लागतात ती बहुधा साडेचार ते सहा या वयात. चार महिने इकडे-तिकडे झाले तर काळजीचे कारण नाही. मनगटात आठ छोटी हाडे असतात आणि जन्माच्या वेळी ती सगळी कूर्चेचीच, म्हणजे मऊ, लवचीक असतात. सहा-सात वर्षांपर्यंत त्यांतल्या बहुतेकांत हाड धरते. वाटाण्याच्या आकाराचे एक त्याहूनही उशिरा, आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान. तीन वर्षांच्या पोराला ‘रेघेबाहेर जाऊ नकोस’ म्हणून दटावणाऱ्याने एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

रंगवलेल्या पानापेक्षा रंगवणारा हात बघावा. इंदूरच्या एखाद्या मराठी घरात चार वर्षांची मुलगी आंबा रंगवत बसली आहे. मधला भाग तिने भराभर पिवळा केला. देठाशी आली तशी जीभ दातांत आली, करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट कागदावर टेकले, डाव्या हाताने कागद फिरवून तिने देठ स्वतःकडे घेतला. ‘आजी, बाहर नहीं गया!’ कौतुक रंग बाहेर न गेल्याचे होते. खरे काम झाले ते कागद फिरवण्यात. एक हात धरतो आणि दुसरा करतो, ही वाटणी मुलाला शिकावी लागते.

साधनांत सर्वांत गुणाचा तुटका खडू, आणि आपण नेमका तोच केरात टाकतो. पेराएवढा तुकडा मुठीत मावतच नाही, त्यामुळे तीन बोटांची पकड न सांगता येते. मेणाच्या खडूला जोर द्यावा लागतो, तो किती द्यायचा हेही हाताला कळत जाते. स्केचपेन नुसते टेकवले तरी उमटते, म्हणून या कामी ते कमी उपयोगाचे. कागद भिंतीवर चिकटवून उभ्याने रंगवले तर मनगट मागे वळते, खांद्यालाही काम मिळते. कागदाखाली पिंपळाचे पान ठेवून वरून खडू घासला की शिरा उमटतात, आणि मूल दहा मिनिटे जागचे हलत नाही.

माळव्यात ही तयारी कागदाच्या फार आधीपासून चालत आली आहे. श्राद्धपक्षात मुली भिंतीवर शेणाने संजा नावाची आकृती काढतात आणि तिच्यावर फुलांच्या पाकळ्या लावतात. शेवटी किलाकोट, म्हणजे किल्ल्यासारखी मोठी आकृती होते. एकेक पाकळी चिमटीत उचलून, न चुरगाळता जागेवर दाबणे हे खडूपेक्षा अवघड. मराठी घरांतल्या चैत्रांगणाचेही तेच : रांगोळीच्या चिमटीतून पूड किती सुटू द्यायची हे अंगठा आणि तर्जनीच ठरवतात. हिवाळ्यात मटार सोलायला मुलाला शेजारी बसवले तरी बोटांना हाच सराव होतो.

तयार चित्रांच्या पुस्तकांबद्दल मात्र मतभेद आहेत. कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्ड यांचा अशा पुस्तकांना विरोध होता. दुसऱ्याच्या रेघेत रंग भरताना मुलाचा स्वतःच्या रेघेवरचा विश्वास जातो, असे त्यांचे म्हणणे. मॉंटेसरी पद्धतीत धातूच्या चौकटीवरून मूल आकार स्वतःच आखते आणि मग या कडेपासून त्या कडेपर्यंत रंगपेन्सिलीने रेघांनी भरते. तिथे चित्र हा हेतू नसतोच, लिहिण्यासाठी हात तयार व्हावा एवढाच असतो. प्रस्तुत लेखकाला दोन्ही चालतात, पण कोरा कागद आधी. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानून खेळातून शिकण्यावर भर दिला. तरी घरी येणारा गृहपाठ पुष्कळदा सफरचंदाच्या छापील पानांचाच असतो.

पाच वर्षे पूर्ण झाल्यावरही खडू मुठीतच राहत असेल, हात लगेच दुखत असेल किंवा मूल रंगवायचे टाळतच असेल, तर बालरोगतज्ज्ञ किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजच्या कामांचा सराव करून घेणारे उपचारतज्ज्ञ) यांना दाखवावे. कोणता हात पुढे, हे साधारण चार ते सहाच्या दरम्यान पक्के होते. प्रसाद उजव्या हातात घ्यायला शिकवले तरी डावखुऱ्या मुलाचा खडू काढून उजव्या हातात देऊ नये. कागद तेवढा उजवीकडे झुकवून ठेवावा, म्हणजे त्याला आपली रेघ दिसते.