कोंबडीचा दिवस पंचवीस तासांचा

सकाळी खुराड्याचं दार उघडलं की माझी आत्या एकेक कोंबडी बाहेर काढते, काखेत दाबते आणि शेपटीखाली बोटानं चाचपून बघते. "हिच्यात आहे. हिच्यात नाही. हिच्यात आहे." जिच्यात अंडं आहे ती डालग्याखाली, नाहीतर ती शेजाऱ्याच्या पेंढ्यात जाऊन अंडं घालते आणि मग ते कुणाचं यावरून संध्याकाळपर्यंत वाद. बाकीच्या उकिरड्यावर मोकळ्या. आठ कोंबड्यांची ही हजेरी पाच मिनिटांत उरकते आणि तिचा अंदाज क्वचितच चुकतो.

अंडं तयार होण्याचं वेळापत्रकच असं आहे की सकाळी ते बोटाला लागणारच. बलक अंडाशयातून सुटतो आणि अंडनलिकेच्या नरसाळ्यासारख्या तोंडात पडतो. तिथं अर्ध्या तासाच्या आत पुढे सरकतो. फलन व्हायचं असेल तर ते इथंच. पुढे साधारण तीन तास पांढऱ्याचे थर चढतात, मग सव्वा तासात आतली पातळ पापुद्र्यांची जोडी. आणि शेवटी कवच. त्याला जवळजवळ २० तास लागतात. म्हणजे आज दुपारपर्यंत येणारं अंडं पहाटेच टणक होऊन दाराशी थांबलेलं असतं.

यात कोंबड्याचं काम काहीच नाही, हे अजून पुष्कळांना पटत नाही. कोंबडा नसला तरी अंडी येतात, फक्त त्यातून पिलं निघत नाहीत. उलट कोंबडा असेल, तर त्याचे शुक्राणू कोंबडीच्या अंडनलिकेतल्या बारीक नळ्यांमध्ये दोन आठवडे जिवंत राहू शकतात. कोंबडा रश्शात गेल्यावरही काही दिवस फलित अंडी मिळतात ती त्यामुळे.

आता हिशोब बघा. सगळं मिळून २४ ते २६ तास. एक अंडं घातल्यावर साधारण अर्ध्या तासानं पुढचा बलक सुटतो. म्हणजे सोमवारी आठला घातलं तर मंगळवारी नवाच्या पुढे, बुधवारी दहा-साडेदहाला, असं रोज थोडं मागे. पण बलक सोडण्याचा इशारा देणारं संप्रेरक कोंबडीच्या मेंदूतून ठरावीक तासांतच, बहुतेक रात्रीच्या अंधारात, उसळतं. वेळ सरकत सरकत अंडं दुपारी उशिरा आलं, की पुढचा इशारा त्या तासांच्या बाहेर पडतो. बलक सुटत नाही. दुसऱ्या दिवशी खाडा, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा सकाळी लवकर नवी साखळी सुरू. खाडा केला म्हणून कोंबडीला शिव्या घालण्यात अर्थ नाही. तिचं काम पंचवीस तासांचं आणि सूर्याचा दिवस चोवीस तासांचा. व्यावसायिक जातींत निवड करत करत हे अंतर चोवीस तासांच्या जवळ आणलंय, म्हणून त्यांच्या साखळ्या लांब असतात.

दुसरी गोष्ट उजेडाची. पक्ष्यांना उजेड डोळ्यांनी दिसतोच, पण कवटीतून झिरपलेला उजेड थेट मेंदूच्या आतल्या पेशींनाही कळतो, आणि दिवस मोठा झाला की लहान, हे त्या ठरवतात. मुंबईच्या अक्षांशावर जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा, डिसेंबरात अकरा तासांचा. भरात असलेल्या कोंबडीला १४ ते १६ तास लागतात. म्हणून थंडीत अंडी कमी होतात. दिवा लावायचा तर पहाटे लावावा, संध्याकाळी नाही. रात्री दिवा एकदम बंद केला, तर कोंबड्या बसायच्या दांडीवर चढायच्या आतच अंधार होतो, आणि अंधारात त्यांना जवळजवळ काही दिसत नाही. तलंगेला, म्हणजे अजून अंडं न घातलेल्या कोवळ्या कोंबडीला, मात्र हा जादा उजेड देऊ नये. ती वेळेआधी अंड्यावर येते, अंडी बारीक पडतात, आणि कधी अंडं घालताना अंगच बाहेर येतं.

चुन्याचा प्रश्न मला सगळ्यात गमतीचा वाटतो. एका कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम असतं, आणि बरंचसं कवच तयार होतं रात्री, कोंबडी दांडीवर झोपलेली असताना. मग चुना येतो कुठून? काही पोटात उरलेल्या खाद्यातून, बाकीचा हाडांतून. तलंग अंड्यावर यायला लागली की मांडीच्या हाडांच्या पोकळीत एक खास जाळीदार हाड तयार होतं. ते आधाराचं नाही, ती चुन्याची पेढी आहे: रात्री काढायचा, दिवसा भरायचा. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात सापडलेल्या एका टी-रेक्स डायनासोरच्या मांडीच्या हाडात अशीच ऊती दिसल्याचं संशोधकांनी २००५ मध्ये मांडलं, आणि ती मादी असावी, तीही अंड्यावर आलेली, असा निष्कर्ष काढला. आमच्या आठ कोंबड्या तेव्हापासून मला जरा वेगळ्या दिसायला लागल्या.

पेढीत भरणा कमी पडला तर पातळ कवचाची, कधी नुसत्या पापुद्र्याची अंडी येतात, आणि कोंबडी पायांतून जाते. आत्या तिसऱ्यांचं, म्हणजे खायच्या शिंपल्यांचं, कालवण झालं की शिंपल्या धुऊन, वाळवून पाट्यावर ठेचते आणि संध्याकाळी टाकते. ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे, पीठ नाही. पीठ पोटातून लवकर निघून जातं. तुकडे मात्र पेट्यात, म्हणजे आपण कलेजीबरोबर खातो त्या जाड स्नायूच्या पिशवीत, अडकून रात्रभर हळूहळू विरघळतात. बरोबर कवच चढायच्या वेळी. अंड्याची टरफलंही चालतात, पण चुरडून. अर्धं टरफल तसंच टाकलं तर कोंबडी अंडं फोडून खायला शिकते, आणि ती सवय मोडणं महाकठीण.

मे महिन्यात शिंपल्या टाकूनही कवच पातळच येतं. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते. त्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, आणि कवच म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, तेव्हा कॅल्शियम असून कार्बोनेटची टंचाई. त्यावर उपाय सावली आणि माठातलं गार पाणी.

जातीचं थोडक्यात सांगतो. पांढरी लेगहॉर्न वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते, पण तिला तोलून-मापून खाद्य लागतं. गावठी ६०-७० देते आणि वाळवी, किडे, सांडलेला भात यांवर भागवते. मधली वाट म्हणजे हैदराबादला तयार झालेल्या वनराज आणि ग्रामप्रिया किंवा बंगळुरूची गिरिराज. जात कुठलीही घ्या, मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस चुकवू नका. पिलू आठवड्याचं व्हायच्या आत लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि पुढचे डोस पशुवैद्य सांगेल तसे. मानमोडी शिरली की खुराडं दोन-चार दिवसांत रिकामं होतं.

गावठीची अंडी कमी, याचं मोठं कारण म्हणजे ती खुडूक होते, अंडी उबवायला बसते. दहा-पंधरा अंडी झाली की प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक चढतं, अंडाशय आक्रसतं, छातीखालची पिसं गळून कातडी गरम होते आणि बाई जागेवरून हलत नाहीत. लेगहॉर्नमधून हा स्वभाव माणसानं निवडीनं काढून टाकलाय. खुडूक मोडायला गावात नाकात पीस ओवतात. ते क्रूर आहे. त्यापेक्षा तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवली की पोटाला गार हवा लागते, ऊब मोडते आणि ती बहुधा ताळ्यावर येते.

पण आत्याला तिचं खुडूक होणं हवंच असतं. मागच्या आठवड्यात काळी खुडूक झाली. आत्यानं तिच्याखाली अकरा अंडी ठेवली, त्यातली चार शेजारच्या ग्रामप्रियाची, कारण ग्रामप्रिया स्वतः काही बसायची नाही. सातव्या रात्री मोबाइलच्या टॉर्चपुढे एकेक अंडं धरून पाहिलं. नऊंत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या, दोन कोरी निघाली. ती बाजूला काढली. काळीनं आत्याच्या मनगटावर एक चोच मारली, पिसं फुलवून उरलेली नऊ पोटाखाली ओढून घेतली. अजून चौदा दिवस आहेत.