नदालला 'डावखुरा बनवला' नव्हता

टेनिसपटू राफाएल नदाल नोव्हेंबर 2024 मध्ये मलागाच्या डेव्हिस चषकात (देशांच्या संघांची टेनिस स्पर्धा) निवृत्त झाला, पण एक दंतकथा काही निवृत्त होत नाही: मूळच्या उजव्या राफाला काका आणि प्रशिक्षक टोनी यांनी फायद्यासाठी मुद्दाम डावखुरा केलं. हे खरं नाही, आणि टोनींनी स्वतःच ते अनेकदा खोडून काढलंय.

झालं असं. लहानपणी राफा फोरहँड (रॅकेटच्या हाताच्या बाजूचा फटका) आणि बॅकहँड (विरुद्ध बाजूचा), दोन्ही फटके दोन्ही हातांनी मारायचा. डाव्या बाजूने जोर जास्त लागायचा आणि फुटबॉलला तो डाव्या पायाने लाथ मारायचा, म्हणून टोनींना तो डावखुराच वाटला. पुढे दोन हातांचा फोरहँड सोडायची वेळ आली, तेव्हा रॅकेट डाव्या हातात राहिली, एवढंच. लिहितो आणि गोल्फ खेळतो तो मात्र उजव्यानेच.

समज टिकला, कारण फायदा खराच होता. 30-40 चा ब्रेक पॉइंट, म्हणजे सर्व्ह करणारा हरला तर गेमच गमावतो तो गुण, सर्व्ह करणाऱ्याच्या डाव्या अर्ध्या कोर्टातून खेळला जातो. तिथून डावखुऱ्याची स्लाइस (आडवी फिरकी दिलेली) सर्व्ह बाहेर वळत उजव्या खेळाडूच्या बॅकहँडला ओढून नेते. नदालचा कोर्टाच्या तिरक्या रेषेत जाणारा (क्रॉसकोर्ट), पुढे फिरकी दिलेला (टॉपस्पिन) फोरहँडही त्याच बॅकहँडवर खांद्याएवढा उसळायचा. उजव्या हाताने खेळणाऱ्या रॉजर फेडररला पॅरिसमध्ये, फ्रेंच ओपनमध्ये, याचा सर्वाधिक त्रास झाला.

पण डावा हात फुकट मिळालेलं शस्त्र नव्हता. सर्व्ह हा त्याचा बरीच वर्षं कच्चा दुवा होता. 2010 च्या यूएस ओपनआधी त्याने सर्व्ह करतानाची रॅकेटची पकड बदलली, सर्व्हचा वेग वाढला आणि ती स्पर्धा त्याने पहिल्यांदा जिंकली.